कर्णबधिर व्यक्तीचं मृत्युपत्र: खुणांतून कागदावर कसं आणायचं, आणि संस्थेला दान ठेवायचं असेल तर

मृत्युपत्रावरून वाद झाला की कोर्टात पहिला प्रश्न एकच येतो: करणाऱ्याला कळत होतं का? ऐकू येणाऱ्या माणसाच्या बाबतीत साक्षीदार दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होतात. कर्णबधिर माणसाच्या बाबतीत भाऊबंदांचं उत्तर आधीच तयार असतं, "त्याला काय कळतंय, जिथं दाखवलं तिथं अंगठा लावला." म्हणून इथं मजकुराइतकीच मेहनत दुसऱ्या एका गोष्टीवर घ्यावी लागते. तो मजकूर त्याला कोणत्या भाषेत समजावला आणि त्याने स्वतःच्या हातांनी काय सांगितलं, याचा पुरावा मागे राहिला पाहिजे. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

कायदा बाजूने आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ५९ च्या स्पष्टीकरणात साफ लिहिलंय की बहिरा, मुका किंवा आंधळा माणूस तेवढ्या कारणावरून मृत्युपत्र करायला अपात्र ठरत नाही. आपण काय करतोय हे त्याला समजत असलं की झालं. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १३ मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने घेण्याचा आणि पैशाचे व्यवहार स्वतः सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क देतं. त्याच कलमात आणखी एक कामाची गोष्ट आहे: मदत करणाऱ्या माणसाचे हितसंबंध त्या व्यवहारात आड येत असतील, तर त्याने मदतीतून बाजूला व्हायचं. नुसता रक्ताचा नातेवाईक आहे म्हणून कोणी बाद होत नाही, पण ज्याला जमीन मिळणार आहे त्यानेच खुणा समजावून सांगायच्या, हे चालणार नाही.

मराठवाड्यात अजूनही बरीच मंडळी याला वसियत किंवा वसियतनामा म्हणतात. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना यातला कुठलाच शब्द पुरेसा नाही. "मृत्युपत्र" हा शब्द बोटांनी अक्षरं करून दाखवला तरी अर्थ पोचत नाही, कारण बहुतेकांनी तो कधी ऐकलेला नसतो आणि वाचलेलाही नसतो. अर्थ दाखवावा लागतो: मी आज जिवंत, घर माझं, शेत माझं, उद्या मी नाही, घर तिथंच, शेत तिथंच, आता ते कोणाचं? आज लिहिलं तरी आज काहीच जात नाही आणि उद्या मन बदललं तर कागद बदलता येतो, हे दोन मुद्दे वेगळे करून समजवा. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. मृत्युपत्र म्हणजे बक्षीसपत्र, सही केली की शेत गेलं, अशी समजूत असते आणि माणूस घाबरून गप्प बसतो.

दुभाषी कोण असावा

दुभाषी भारतीय सांकेतिक भाषेचा रीतसर शिकलेला आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेला असावा. नोंदणी क्रमांक विचारून घ्या, तो पुढे कागदात लिहायचा आहे. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. दोन्हीकडे दुभाष्यांचं शिक्षण होतं आणि चौकशी करता येते. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत असे दुभाषी मोजकेच आहेत, त्यामुळे पुण्या-मुंबईहून बोलवायची तयारी ठेवा. आधीच्या भेटी व्हिडिओ कॉलवर चालतील, पण त्यासाठी नेटवर्क चांगलं असलेल्या तालुक्याच्या गावी बसा. फोनवर चित्र अडकलं की खूण अर्धी दिसते आणि अर्थ उलटा होतो. सहीच्या दिवशी मात्र दुभाषी समोर हजर हवा.

विशेष शाळेचे शिक्षक आपुलकीने पुढे येतात. त्यांची मदत घ्यावी, पण दोन गोष्टी तपासून. अनेकांचं प्रशिक्षण बोलून आणि ओठ वाचून शिकवण्याच्या पद्धतीचं असतं. वर्गातल्या खुणा वेगळ्या आणि मालमत्तेवर तासभर बोलणं वेगळं. दुसरं म्हणजे त्याच शाळेच्या संस्थेला दान ठेवायचं असेल तर त्या शिक्षकाला दुभाषी करूच नका. हेतू कितीही स्वच्छ असला, तरी उलटतपासणीत तेवढा एक धागा पुरतो.

गावात राहिलेल्या, शाळा न झालेल्या माणसाला भारतीय सांकेतिक भाषा येत नसते; त्याच्या घरच्या खुणा असतात. तिथं दोन माणसं लागतात: शिकलेला दुभाषी, आणि त्याच्या जोडीला एक कर्णबधिर व्यक्ती जी घरच्या खुणा पकडून त्यांची भारतीय सांकेतिक भाषा करते. घरच्या खुणांचा अर्थ सांगायला शेजारी किंवा जुना मित्र घ्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असा. नेहमीच्या दुभाष्याबरोबरही पहिला अर्धा तास नुसत्या गप्पांना द्या. मुंबईची खूण आणि नांदेडची खूण यांत फरक निघतो आणि तो सहीच्या दिवशी निघता कामा नये.

गुप्ततेची गोष्ट आधीच बोलून घ्या. जिल्ह्यातला कर्णबधिरांचा समाज लहान असतो, सगळे सगळ्यांना ओळखतात. "काका शेत कोणाला देणार" ही बातमी रविवारच्या भेटीत पसरली तर माणसावर दबाव सुरू होतो.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे लेखी अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राची प्रत जोडा आणि अर्जातच "सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा" असं लिहा. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

पहिली बैठक

वकील, दुभाषी आणि ती व्यक्ती, एवढेच खोलीत. मुलगा-सून बाहेर. दुभाष्याने वकिलाच्या शेजारी बसायचं, म्हणजे दोघं एका नजरेत दिसतात. उजेड त्यांच्या तोंडावर पडला पाहिजे. खिडकीला पाठ करून बसले तर चेहरा काळा दिसतो, आणि सांकेतिक भाषेचं निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं. प्रश्न आहे की विधान आहे, "जर-तर" आहे की ठाम आहे, हे भुवयांवरून कळतं. अर्ध्या तासाने थांबा. डोळे दमतात, आणि दमलेला माणूस नुसती मान हलवायला लागतो.

ही मान हलवणंच सगळ्यात धोक्याचं. कर्णबधिर माणूस समोरच्याकडे बघत मान हलवतो तेव्हा बहुतेक वेळा "बघतोय, पुढे सांगा" एवढाच अर्थ असतो. वकील ते "मान्य" म्हणून लिहून घेतात. त्यामुळे हो-नाही प्रश्न टाळा. "शेत मोठ्या मुलाला द्यायचं ना?" असं विचारायचं नाही. "शेत कोणाला?" विचारा आणि उत्तर हातातून येऊ द्या.

टेबलावर वस्तू मांडल्या की काम सोपं होतं. घरातल्या प्रत्येकाचा एकेक फोटो. शेताचा गट नकाशा, नाहीतर कागदावर काढलेली आकृती: विहीर इथं, आंब्याचं झाड इथं, रस्ता इथं. घराचा फोटो, बँकेचं पासबुक, सोन्याच्या जागी एक बांगडी. मग त्याने स्वतः विहिरीकडची आकृती उचलून मुलीच्या फोटोवर ठेवली, पासबुक बायकोच्या फोटोवर ठेवलं, की दुभाष्याने बोलून सांगायचं आणि वकिलाने लिहायचं. मांडणी पूर्ण झाली की वरून एक फोटो काढा. नंतर सगळं विस्कटून टाका आणि आठ-पंधरा दिवसांनी दुसऱ्या बैठकीत कोरी सुरुवात करून पुन्हा मांडायला सांगा. दोन्ही वेळा मांडणी तीच निघाली तर समज पक्की आहे. बदलली तर का बदलली ते विचारा. मधल्या दिवसांत कोणी घरी येऊन गेलं असण्याचा संभव असतो.

कागदपत्रं आधीच गोळा करा: सातबारा, आठ-अ, गावठाणातल्या घराचा नमुना आठ किंवा शहरातली मिळकत पत्रिका, ठेवींच्या पावत्या, विमा, आधार. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असेल तर थांबा. मराठवाड्यात इनामी आणि कुळाच्या जमिनी पुष्कळ आहेत, त्यांच्या हस्तांतरणावर बंधनं असतात, आणि जुने कागद काही वेळा उर्दूत किंवा मोडीत निघतात. वडिलोपार्जित एकत्र जमीन असेल तर फक्त स्वतःचा हिस्साच मृत्युपत्रात लिहिता येतो. मुस्लिम व्यक्तीला कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंतच वारसांच्या संमतीशिवाय देता येतं. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे मृत्युपत्र झालं, हा समज चुकीचा आहे. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारस किंवा मृत्युपत्रात लिहिलेला माणूस असतो. विम्यात पती-पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर मात्र रक्कम त्यांचीच होते. कुटुंब निवृत्तीवेतन मृत्युपत्राने देता येत नाही.

मजकूर

ज्यांची पहिली भाषा सांकेतिक आहे त्यांना मराठी ही शिकलेली, दुसरी भाषा असते. विभक्ती आणि लांब वाक्यं तिथं अडकतात. "माझे पश्चात माझी उपरोक्त स्थावर मिळकत माझे कन्येचे नावे वर्ग होऊन तिजला पूर्ण मालकीहक्काने प्राप्त होईल" हे वाक्य खुणांत आणताना दुभाष्याला मोडावंच लागतं, आणि मोडताना काय सुटलं हे कोणालाच कळत नाही. मग आधीच मोडून लिहा: "मी मेल्यानंतर गट क्रमांक अमुकमधली जमीन माझ्या मुलीची होईल. तिला ती विकता येईल." कायद्याला दोन्ही वाक्यं सारखीच. एका कलमात एकच गोष्ट. "तो", "सदर", "वरील" न लिहिता दर वेळी पूर्ण नाव लिहा. पत्नीला घरात हयातभर राहण्याचा हक्क आणि नंतर घर मुलाला, असं असेल तर ती दोन कलमं करा. एखाद्या मुलाला कमी दिलं असेल तर कारण एका ओळीत लिहा. अचानक वगळलेलं नाव कोर्टाला संशयास्पद वाटतं.

शेवटी सहीच्या वर हा परिच्छेद हवाच:

"मी कर्णबधिर आहे. माझी भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे. हे मृत्युपत्र दुभाषी (पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक) यांनी मला प्रत्येक कलम वेगळं करून सांकेतिक भाषेत सांगितलं. प्रत्येक कलमानंतर मी त्याचा अर्थ माझ्या खुणांनी परत सांगितला. तो बरोबर होता. माझ्यावर कोणाचा दबाव नाही."

आणि सह्यांच्या खाली दुभाष्याचं वेगळं निवेदन: मी अमुक, या मृत्युपत्रातून मला काही मिळणार नाही, मी मजकूर पूर्ण आणि खरा समजावला, तारीख, सही.

सहीचा दिवस

उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येक साक्षीदाराने त्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझीच आहे असं त्याने स्वतः त्या साक्षीदाराला सांगितलेलं असावं. आणि साक्षीदाराने त्याच्यासमोर सही करायची. दुभाष्याला या दोघांत धरू नका. तो तिसरा, स्वतंत्र माणूस राहू द्या, म्हणजे गरज पडली तर "समजावलं कसं" हे सांगायला वेगळा साक्षीदार मिळतो. साक्षीदार करणाऱ्यापेक्षा तरुण, गावातच राहणारे आणि मालमत्तेतून काहीही न मिळणारे निवडा. मृत्युपत्र शाबीत करायला त्यांच्यापैकी निदान एकाला कोर्टात यावं लागतं. एक साक्षीदार कर्णबधिर असायला काहीच हरकत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १२५ प्रमाणे खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते. त्यासाठी दुभाषी घ्यायचा आणि जबानीचं चित्रीकरण करायचं, अशी तरतूद आहे.

डॉक्टरांचा दाखला सक्तीचा नाही, पण वय झालेलं असेल तर घ्या. दुभाषी सोबत न्या. नाहीतर डॉक्टर घाईत "रुग्ण मूकबधिर, प्रतिसाद देत नाही" असं लिहून देतात, आणि तेच वाक्य पुढे विरोधी पक्षाचा मोठा आधार ठरतं.

व्हिडिओ जरूर घ्या. फक्त व्हिडिओवर मृत्युपत्र होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. कागदावर केलेली सहीच लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातून मृत्युपत्र वगळलेलं असल्यामुळे डिजिटल सहीही चालत नाही. व्हिडिओ हा समजुतीचा पुरावा आहे. दोन मोबाइल स्टँडवर लावा: एक करणाऱ्यावर, डोक्याच्या वर थोडी जागा आणि खाली कंबरेपर्यंत, दोन्ही कोपर पूर्ण दिसतील असा, दुसरा दुभाषी आणि वकिलावर. मागे साधी, एका रंगाची भिंत, आणि अंगात हाताच्या रंगाहून वेगळा, नक्षी नसलेला सदरा किंवा साडी. मधे बंद करू नका. विजेचा भरवसा नसेल तर दिवसा उजेडी करा आणि मोबाइल पूर्ण चार्ज ठेवा. झाल्यावर मूळ फाइल केबलने दोन पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाबली जाऊन वेगळीच फाइल होते. ती मूळ म्हणून दाखवता येत नाही. कोर्टात देताना कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (हे साक्ष्य अधिनियमातलं ६३, वरचं नव्हे), म्हणून कोणत्या मोबाइलवर, कधी आणि कोणी चित्रीकरण केलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

नोंदणी ऐच्छिक आहे, तरी कर्णबधिर व्यक्तीने ती करावीच, असं आमचं ठाम मत आहे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि ठसे घेतले जातात, सरकारी दप्तरात प्रत राहते. अंथरुणावर असलेल्या माणसासाठी नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३१ खाली निबंधकांना घरी बोलवता येतं. "ऐकू येत नाही, दस्त होणार नाही" असं खिडकीवर कोणी म्हणालं तर वाद घालत बसू नका. त्याच अधिनियमाच्या कलम ३५ मधल्या नाकारण्याच्या कारणांत बहिरेपणा नाही. कलम ७१ प्रमाणे नकाराची कारणं लेखी मागा आणि ३० दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अपील करा. बहुतेक वेळा लेखी कारण मागितल्यावरच काम पुढे सरकतं.

मजकूर कोणालाच दिसू द्यायचा नसेल तर कलम ४२ प्रमाणे मृत्युपत्र बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येतं.

संस्थेसाठी दान

अनेक कर्णबधिरांना आपल्या शाळेसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा दुभाष्यांच्या खर्चासाठी काहीतरी मागे ठेवायचं असतं. ही इच्छा मोलाची आहे, आणि कागदात ती सहज वाया जाते.

पहिली चूक नावाची. "आमच्या मूकबधिर विद्यालयाला" असं लिहितात. शाळेला मालमत्ता घेता येत नाही. ती चालवणारा न्यास (ट्रस्ट) घेतो. शाळेच्या पाटीवरचं नाव आणि न्यासाचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढा, त्यात न्यासाचं अचूक नाव, पत्ता, "ई" किंवा "एफ" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि विश्वस्त दिसतात. तोच मजकूर जसाच्या तसा मृत्युपत्रात उतरवा. विश्वस्ताच्या वैयक्तिक नावाने कधीही लिहू नका.

दुसरी चूक शेतजमीन थेट संस्थेला लिहिण्याची. मराठवाड्याला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे आणि बिगरशेतकऱ्याच्या नावे शेत करायला परवानगी लागते. गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, तिथल्या कूळ कायद्याखाली, मृत्युपत्रानेही बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देता येत नाही असं ठरवलं. जमिनीचं दान करायचंच असेल तर असं लिहा: व्यवस्थापकाने ही जमीन शेतकऱ्याला विकावी आणि आलेली रक्कम न्यासाला द्यावी. व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी त्यातच नेमलेला माणूस. व्यवस्थापकाला विकण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत द्या.

तिसरी चूक ठरावीक आकड्याची. समजा कर्ज आणि सगळे खर्च वजा जाता ५,२०,००० रुपये उरतील असा आजचा अंदाज आहे आणि संस्थेला १,००,००० लिहिले. शेवटच्या आजारपणात पैसा संपला आणि १,२०,००० च उरले, तर घरच्यांच्या हाती २०,००० राहतात, आणि भांडण उभं राहतं. "उरलेल्या रकमेच्या दहा टक्के" लिहिलं तर पहिल्या वेळी संस्थेला ५२,००० मिळतात, दुसऱ्या वेळी १२,०००. घरही सांभाळलं जातं. "अमुक बँकेतली अमुक ठेव" असं लिहिणं त्याहून वाईट. ठेव मोडली की दानही गेलं. टक्केवारी खुणांत समजावताना शंभर शेंगदाण्यांतून दहा वेगळे करून दाखवा. आकडा बोटांनी दाखवून भागत नाही.

कलम असं चालेल: "माझं कर्ज, दवाखान्याचा आणि अंत्यविधीचा खर्च दिल्यावर जी रक्कम उरेल, तिच्यातले दहा टक्के (न्यासाचं नाव, नोंदणी क्रमांक) या न्यासाला द्यावेत. हा न्यास बंद झाला असेल तर कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या मराठवाड्यातल्या दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला व्यवस्थापकाने द्यावेत. ही रक्कम मुलांना सांकेतिक भाषेतून शिकवण्यावर खर्च व्हावी अशी माझी इच्छा आहे." शेवटच्या वाक्यात "इच्छा" हा शब्द मुद्दाम आहे. "फक्त श्रवणयंत्रांच्या बॅटऱ्यांसाठी" अशी आवळलेली अट घातली तर वीस वर्षांनी गरज बदललेली असते आणि पैसा अडकून पडतो.

ज्या संस्थेला दान आहे तिच्या कोणालाही बैठकीत बसू देऊ नका, साक्षीदार करू नका, गाडीसुद्धा तिची वापरू नका.

नंतर

मूळ कागद कुठं आहे हे व्यवस्थापकाला माहीत हवं, आणि त्याच्याकडे दुभाष्याचं नाव, नोंदणी क्रमांक, पेनड्राइव्हची जागा आणि साक्षीदारांचे पत्ते एका चिठ्ठीवर असावेत. लग्न, मूल, जमीन विकणं, कोणाचा मृत्यू, यातलं काही झालं की मृत्युपत्र पुन्हा पाहा. खाडाखोड करू नका. नवीन करा, त्यात "आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द" हे पहिलं कलम घाला, आणि दुभाषी, व्हिडिओ, निवेदन हे सगळं पुन्हा करा.

माणूस गेल्यावर मराठवाड्यात प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र) घेणं बंधनकारक नाही. व्यवस्थापकाने मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची नोंदणीकृत प्रत जोडून फेरफारासाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज द्यावा. हितसंबंधितांना नोटिसा जातात आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. मागे राहिलेली पत्नी किंवा मुलगा कर्णबधिर असेल तर ही नोटीस त्यांच्या हाती पडते, ते सही करून घेतात आणि आत काय लिहिलंय ते कळत नाही. नोटीस आली त्याच दिवशी तिचा फोटो दुभाष्याला पाठवायचा, हे घरात आधीपासून ठरवून ठेवा.